फाट्यापर्यंत कोण नेणार

आमचं घर एका बाईच्या पायावर चालत होतं, हे ती मेल्यावर समजलं. जिवंत होती तोवर आम्हाला वाटायचं, घर मोटारसायकलवर चालते, एसटीवर चालते, शाळेच्या पिवळ्या गाडीवर चालते.

गाव पांढरकवड्याच्या बाजूला, हायवेपासून आत. मधे कापसाची, तुरीची शेतं, मग एक नाला, नाल्याच्या अंगाला झुडपी जंगल. शाळेची गाडी फाट्यावर थांबते, आत येत नाही. मुलगा राजूरला कोळशाच्या खाणीत. पाळीचं काम. कधी अंधारात निघते, कधी दिवस वर आल्यावर येते, डोळ्यात काजळ घातल्यासारखा काळा. सून वणीच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. ती पहिली एसटी धराले निघते तेव्हा पोरगी झोपलेली असते. आणि नात पांढरकवड्याला इंग्रजी शाळेत. आईबाप एका दिशेला, लेक उलट्या दिशेला, आणि मधे मी, बैल आणि शेत. हे कसं जमत होतं असं कोणी विचारलं तर आम्ही म्हणायचो, जमते बाप्पा.

जमत होतं कारण माझी बायको पोरीला फाट्यावर नेत होती. नर्सरीपासून. पोरीचं दप्तर हिच्या खांद्यावर, पोरीचा हात हिच्या हातात. नाल्यापाशी आलं की ही मोठ्यानं बोलायची, खोकायची, म्हणजे झुडपात काही असलं तर सरकून जाईल. फाट्यावर टिनाच्या निवाऱ्यात बसायची. गाडी आली, पोरगी चढली, खिडकीतून हात हलला, की मग उठायची. येताना धुऱ्यावरची तरोट्याची भाजी ओच्यात. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "आजी, तुमीच बसा ना शाळेत, रोज येताच हाय."

"बसतो ना," ही म्हणाली. "पण मंग तुह्या मॅडमले घरी बसा लागन, सांग तिले."

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पण सून शाळेचा विषय काढायची तेव्हा हीच म्हणायची, "माह्ये पाय हायत तोवर पोट्टी इथूनच शिकन. कायले हलता?" आम्ही हललो नाही.

कापूस वेचणीच्या दिवसात दुपारी शेतातून आली, कापूस वेचायचा कमरेचा ओटा सोडला, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आलो तर बाई गेलेली. तांब्या माझ्या हातातच राहिला. यापेक्षा जास्त मला त्या दिवसाचं सांगता येत नाही.

तेरवी झाली. मुलानं रजा काढली, मग सुनेनं काढली, मग दोघांच्याही रजा सरल्या. मी म्हटलं, मी नेतो. गुडघे गेलेला माणूस मी, पण जीभ आहे ना तोंडात, बोलून बसलो. पोरगी पुढे पळाली. मी हाका मारतो, ती हसते, तिला वाटलं खेळ आहे. मी नाल्यातच होतो आणि ती हायवेवर पोचली. समोरून हैदराबादकडचे ट्रक, आणि त्यांच्या पुढ्यात ते लाल दप्तर. निवाऱ्यातल्या एका माणसानं तिला धरलं. मी पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. त्या माणसानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बुढ्याच्या भरोशावर लेकरू सोडते का कोणी?"  खरंच होतं.

रविवारी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा विषय निघाला. आता कुठं राहाचं.

सून म्हणाली, "यवतमाळले जाऊ. शाळा तिथं, ट्युशन तिथं, पुढं कॉलेजही तिथंच. एकदाच काय ते उठू."

मुलगा म्हणाला, "आन मी? यवतमाळून राजूर रोज? मले काय पंख हायत?"

"सुट्टीले येत जा."

"मंग लगन कायले केलं? फोनवर बोलाले? राजूरलेच राहू."

"तुमचं राजूर मले सांगू नोका. उशीच्या खोळीवर काळं बसते तिथं. पोट्टीले आधीच खोकला हाय."

"तिथं लोकं राहत नाई का?"

"राहतात ना. खोकून राह्यले."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आन इथं काय झालं? इथं काय वाघ खाते?"

 सून शेंग सोलता सोलता हळूच म्हणाली, "हो मामाजी. वाघच हाय." मागच्याच पंधरवड्यात नाल्याजवळून एक गोऱ्हा नेला होता. मुलगा हसला, मीही हसलो, मग तीही. बायको गेल्यानंतर आम्ही तिघं पहिल्यांदा एकत्र हसलो ते त्या दिवशी. मग पोरीनं विचारलं, "काय झालं आबा?" आणि मी तिच्या ओंजळीत सोललेले दाणे टाकले.

शेवटी वणीवर येऊन थांबलं. मुलाला राजूर जवळ, सुनेला दवाखाना पायी, शाळाही वणीतच. कागदावर पाहिलं तर तेच बरोबर होतं आणि आधीही तेच बरोबर होतं. दोघं जाऊन एक खोली पाहून आले. माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही. "तुमीही चला," म्हणाले. पण मला एवढंच दिसत होतं की पोरगी गेली की या घरात आवाज नाही. तिची आजी गेली तेव्हा अर्धं घर गेलं होतं. उरलेलं अर्धं त्या पोरीच्या पायात होतं.

म्हणून मी शेजारणीकडे गेलो. शेजारीण म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची. माझ्या बायकोपेक्षा लहान, पण दोघींचं सगळं एकत्र. पापड एकत्र, भांडणं एकत्र. ती रोज सकाळी दुधाची कॅन घेऊन फाट्यावरच्या हॉटेलात जाते. मी म्हटलं, "बाई, पोट्टीले नेशीन का?"

"हे इचाराची गोष्ट हाय का, भाऊ? एका हातात कॅन, एका हातात पोट्टी. कॅन सांडन, पोट्टी नाई सांडणार."

आणि नेलं तिनं. परीक्षा संपेपर्यंत रोज. नाल्यापाशी ती गाणं म्हणायची, बायकोसारखी खोकायची नाही. पोरगी पाढे म्हणत जायची, तेही मोठ्यानं. सून पहिले काही दिवस दवाखान्यातून फोन करायची, "चढली का गाडीत?" मग फोन बंद झाले. मुलानं वणीच्या खोलीवाल्याला सांगून टाकलं, आता नको. सून म्हणाली, "एक वर्ष पाहू." मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया.

आमच्याकडे माणूस गेलं की पुढच्या आखाजीला त्याला पितरात बसवतात. मातीची घागर भरतात, आणि गेलेल्याच्या नावानं एक माणूस पाटावर बसवून जेवू घालतात. बाई कुंकवानं गेली असली तर सवाष्ण बसवतात, नवं लुगडं देतात. जेवताना त्या बाईला तिच्या नात्यानं हाक नाही मारायची. जी गेली तिच्या नात्यानं मारायची. एकदा बसली की दर आखाजीला तीच. बायकोच्या माहेरची एक बाई येणार होती, तिच्याकडे लग्न निघालं. जाणते म्हणाले, दुसरी पाहा. मी म्हटलं, दुसरी कायले पाहाची, शेजारीण आहे.

तिला सांगितलं तर ती बिचकली. "मी नोको भाऊ. मी त रोजची."

"रोजचीच पाहिजे," मी म्हटलं. "तिलेही तूच आवडशीन."

पुरणपोळी, आंब्याचा रस, वडे, आणि चिंचोणी. चिंचोणी म्हणजे चिंच-गुळाचं पाणी, आखाजीला लागतेच. बायको ती अशी करायची की लोक वाटी पुढे करायचे. सुनेनं केली, आंबट झाली. शेजारीण हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. मुलगा पाया पडला आणि म्हणाला, "माय, जेव."  सून म्हणाली, "आत्याबाई, सावकाश." पोरगी म्हणाली, "आजी, जेव." मग मला विचारलं, "आबा, आजी आली का?" मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार होतो. शेजारीण रडत रडत जेवली. मला वाटलं, चला, एक काम नीट झालं.

शाळा उघडली त्या दिवशी सुनेला सुट्टी होती. पोरीला दुसरीचा नवा ड्रेस, दोन वेण्या, लाल रिबिनी. शेजारीण आली. पहिला दिवस म्हणून चांगलं नेसून आली होती, तेच हिरवं लुगडं. अंगणात उभी राहून तिनं हात पुढे केला. आणि पोरगी टाळ्या पिटत दारातून पळाली, "आजी आली, आजी मले घ्याले आली!"

सुनेनं तिला दंडाला धरून मागे ओढलं. इतक्या जोरात की पोरगी रडली. सुनेचा चेहरा पांढरा. म्हणाली, "काकू, राहू द्या. आज मी नेतो."

 शेजारणीचा हात तसाच पुढे होता, मग तिनं तो हळूच पदरात घेतला. तिलाही समजलं होतं. मलाच समजलं नव्हतं.

सून फाट्यावरून परत आली तेव्हा मी विचारलं, "झालं काय?"

"मामाजी, त्याईले आत्याबाई म्हणून जेवू घातलं ना आपुन? पाया पडलो ना? गेलेलं माणूस रोज सकाळी दारात येते आन माह्या पोट्टीचा हात धरून घराबाहेर नेते. मले नाई पाहवत."

"तू शिकलेली ना? दवाखान्यात काम करते ना?"

"करतो. म्हणूनच मले माहीत हाय, माणूस कसं जाते. पानी मागते आन जाते. शिकली म्हणून का माय नाई मी?"

मी ओरडलो. ते सगळं भाकड आहे म्हणालो. पण मुलगाही तिच्याच बाजूचा होता, आणि खरं सांगायचं तर पोरगी "आजी आली" म्हणून पळाली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आलाच होता.

कुंपणापाशी शेजारीण आली. म्हणाली, "भाऊ, तुमी सुनेले बोलू नोका. हात धरला असता त दिवसभर माह्या जीवात जीव नसता. गाडी पलटली, ताप आला, काई झालं, त मीच नेली म्हणतीन ना सगळे. मीच म्हणीन."

"लुगडं नोको नेसू. मंग?"

"लुगड्यानं काय होते? जेवली ना मी."

गावातल्या एका जाणत्याला विचारलं, बसवलेलं उठवता येते का. तो माझ्याकडे असं पाहात राहिला की मी परत आलो. दुसऱ्या बायांना विचारलं. पेरणीचे दिवस, सकाळी कोणाच्या पायाला उसंत. एक म्हणाली, "पैसे देत असान त पाहू," आणि तिच्या घरच्यांनीच तिला नाही म्हटलं, वाघामुळे. कोणाची चूक नाही यात. हेच तर वाईट आहे. कोणाची चूक असती तर शिव्या तरी दिल्या असत्या.

वणीची तीच खोली अजून रिकामी होती. टेम्पोत खाट गेली, कूलर गेला, पोरीची सायकल गेली. शेजारीण बाहेर आली नाही. पोरगी टेम्पोच्या खिडकीतून हात हलवत होती, शाळेच्या गाडीतून हलवायची तसाच.

मी जाऊन आलो वणीला. दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. मुलगा रातपाळी करून दिवसा झोपते, मग मी जिन्यात बसायचं, खोकायचं नाही. पोरगी आईसोबत चालत शाळेत जाते. कोणी पळत नाही, कोणाची गाडी चुकत नाही. मुलगा पाळी संपली की गरम जेवायला घरी. पोरीचा खोकला आहे, पण वाढला नाही म्हणते सून. सगळं बरोबर आहे. मी त्यात कुठं बसत नाही, एवढंच. बैलांचं कारण सांगून परत आलो.

आता सकाळी शेजारीण कॅन घेऊन दारावरून जाते. कॅनच्या कडीचा आवाज येतो. आधी दारापाशी थांबायची, आता थांबत नाही. परवा कुंपणावरून विचारलं, "पोट्टी बरी हाय ना?" मी म्हटलं, बरी आहे. ती म्हणाली, "बरं," आणि गेली. तिलाही माझ्याशी बोलताना अवघड होते, आणि मला तिला काय म्हणून हाक मारावी ते समजत नाही.

आखाजी आली आहे जवळ. शेजारणीला बसवावंच लागते. मुलाला फोन केला, या म्हटलं. तो म्हणाला, मी येतो, सुनेला सुट्टी मिळाली तर तीही. पोरीचं विचारलं. मागून सुनेचा आवाज आला, "तिले उन्हाची कायले आणता?"  ती बरोबर बोलते, ती नेहमीच बरोबर बोलते.

चिंच काल भिजत घातली होती. गूळ जास्त झाला, पाक झाला नुसता. बैलाला पाजला. आज पुन्हा घातली आहे. वाढायला मी एकटाच असलो तरी ती पाटावर बसणार, आणि निदान चिंचोणी तरी बायकोच्या हातची लागावी.