गिळलेलं अक्षर

अंबरनाथ एमआयडीसीत केमिकलच्या ड्रमांवरची लेबलं जुळवत सुदाम गांगुर्डे इंग्रजी शिकला. लिहिलेलं अक्षर म्हटलंच पाहिजे, हा त्याचा खाक्या. सहावीतली विशाखा रोज संध्याकाळी बापाला धडा मोठ्यानं वाचून दाखवायची. एकदा तिनं चाकूच्या चित्राखाली ‘नाइफ’ वाचलं.

“पहिला के गिळलास? मला फसवतेस?” म्हणत त्यानं सणसणीत थोबाडीत दिली.

“बाईंनी असंच शिकवलंय, पप्पा!”

आठवड्यानं साहेबानं गोणी कापायला चाकू मागितला, तोही ‘नाइफ’ म्हणूनच. सुदाम मेल्याहून मेला झाला. घरी येऊन ‘चुकलो’ म्हणायला जीभ रेटेना. “वाच गं, ऐकतो,” एवढंच म्हणाला. विशाखानं ओठ न हलवता पान संपवलं आणि पुस्तक मिटलं.

पुढे ती शाळेत इंग्रजीची बाई झाली. तिचं वाचन ऐकायला सुदाम वर्गाच्या भिंतीमागे उभा राहायचा.