साबणाचा फेस

अहमदपुरात आमची गॅसची शेगडी दुरुस्त करायला एकच माणूस यायचा. आला की उकिडवा बसून प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा फुगतो का ते बघत राहायचा. जाताना विचारायचा, "वास येऊन राहिला का, सर?" आजारपणात त्याला वास येणंच बंद झालं होतं.

मी रसायनशास्त्राचा मास्तर. वर्गात म्हणालो, "ब्युटेनला स्वतःचा वास नाही, म्हणून वास मिसळतात. आणि आपल्या गॅसवाल्याला नाकच नाही!" पोरं हसली. माझा हा विनोद गॅस एजन्सीपर्यंत पोचला, त्याचं काम सुटलं.

नवा माणूस उभ्यानंच हुंगतो.

परवा तो जुना गॅसवाला एसटी स्टँडवर भेटला. काम कुणामुळं गेलं, त्याला ठाऊक नाही. म्हणाला, "नुसत्या नाकावर भरवसा ठेवू नका, सर. गॅस हवेपेक्षा जड, खालीच साचतो. फेस लावत जा."