दारात न मावणारा ट्रे

‘शैले, ये गो. हे उठत नायत.’

अक्काने सकाळी फोनवर एवढंच सांगितलं. आवाजात रडू नव्हतं, घाई नव्हती. दूध उतू गेलं हे सांगावं तसा आवाज. मी महाडात राहते आणि अक्का, माझी थोरली बहीण, तुडीलला. रिक्षा करून तिच्या अंगणात उतरले तेव्हा शेजारपाजार जमला होता आणि भावजी पडवीतल्या खाटेवर कुशीवर निजलेले होते, नेहमीसारखेच, एक हात डोक्याखाली घेऊन. झोपेतच गेले. जो तो म्हणत होता, ‘चांगलं मरण आलं.’ मला त्या शब्दांचा फार राग आला. जाणाऱ्याला चांगलं असेल हो... पण मागे राहिलेल्या बाईचे हात कापतात, तिचं काय, हे कोणीच बोलत नव्हतं.

आता महिना उलटून गेलाय आणि भावजींविषयी लिहायला बसले, तर त्यांचं बोलणं असं फारसं हाताला लागत नाही. ते बोलायचेच कमी. सारी नोकरी एसटी चालवण्यात गेली, तीही बहुतेक पोलादपूरच्या बाजूला, वळणांच्या रस्त्यांवर. मी पोलादपूरच्या शाळेत नवी नवी लागले तेव्हा पुष्कळदा त्यांच्याच गाडीने जायची. मेहुणी म्हणून सवलत काही नाही. मी धावत येताना आरशात दिसले तर थांबायचे, पण चढल्यावर ओळख दाखवायचे नाहीत. एकदा वाटेतल्या एका वाडीत लग्नाचा मांडव थेट रस्त्यात आला होता. कंडक्टर खाली उतरला, प्रवासी खिडक्यांतून सल्ले देऊ लागले, वऱ्हाडी बांबू उपटायला धावले. भावजींनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि म्हणाले, ‘जाईल.’ गाडी गेली. मांडवाला लावलेला आंब्याचा डहाळासुद्धा हलला नाही. पुढे कितीतरी वर्षं कुठलीही अडचण आली की आमच्या घरात कोणीतरी भावजींच्या आवाजात ‘जाईल’ म्हणायचं आणि सगळे हसायचे.

अक्का त्यांच्या अगदी उलट. तिला माणसं लागतात. दारावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं, स्वतःच्या हाताने चहा आणून द्यायचा आणि मग त्याच्या घरच्या सगळ्यांची चौकशी करत पडवीत ठाण मांडायचं, ही तिची दिवसभराची करमणूक. चहा दुसऱ्या कोणी नेऊन दिला तर तिला तो दिल्यासारखाच वाटायचा नाही. आणि नेमका तिलाच कंपवात जडला. आधी बोटं थरथरायची, मग कपबशी वाजायला लागली. मनीषाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बघायला पाहुणे आले होते तेव्हा अक्काच्या हातून एकाच्या पांढऱ्या पँटवर चहा सांडला. पाहुणे भले होते, ‘असू द्या, असू द्या’ म्हणाले, लग्नही तिथेच जमलं. पण अक्का त्या दिवशी जी आत गेली ती गेलीच. त्यानंतर कोणीही आलं तरी चहा भावजी बाहेर आणायचे आणि अक्का चुलीपाशी बसून आतूनच म्हणायची, ‘घ्या हो चहा.’ माणसंही मग चहा पिऊन लवकर उठायला लागली. आतल्या बाईशी भिंतीतून किती बोलणार?

मी महाडच्या बाजारातून एक फायबरचा ट्रे नेऊन दिला. छान फुलाफुलांचा, अगदी हलका. तो हलका होता हेच वाईट झालं. अक्काच्या हातात त्याच्यावरचे कप ताशा वाजवायला लागले. तिने तो धुऊन, पुसून, माझं मन न दुखवता फडताळावर ठेवून दिला. मग मनीषाने डोंबिवलीहून मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. एक मुलगी जुन्या फळीचा ओबडधोबड ट्रे घरीच बनवते, त्याला दोरीच्या कड्या लावते, वर फुलं ठेवून फोटो काढते. मनीषाने तो आपल्या मावशीला, म्हणजे मला, गंमत म्हणून पाठवलेला. मी तो भावजींना दाखवला. ते म्हणाले, ‘परत लाव.’ मी परत लावला. मग म्हणाले, ‘फळी जाड पायजे.’ बस्स, एवढंच.

माळ्यावर फणसाची एक फळी पडून होती. झोपाळ्यासाठी म्हणून कापून घेतलेली. झोपाळा काही टांगला गेला नाही. भावजींनी ती खाली काढली, शेजाऱ्याकडून करवत आणि रंधा आणला आणि अंगणात मांडी घालून बसले. सुताराला हात लावू दिला नाही. ज्या माणसाने घरात कधी खिळा ठोकला नाही, तो दुपारच्या दुपार रंधा मारतोय आणि पिवळाधमक भुस्सा मिशांवर बसलाय, हे दृश्य बघायला मी मुद्दाम महाडाहून जायची. सालीकडची कड त्यांनी तशीच वाकडी ठेवली. कप घसरू नयेत म्हणून चारी बाजूंना पट्ट्या ठोकल्या, दोन्ही टोकांना भोकं पाडून काथ्याच्या दोरीच्या कड्या ओवल्या. पॉलिश पेपर घासून घासून फळी अशी गुळगुळीत केली की अक्का येता-जाता तिच्यावरून हात फिरवायची. शेवटी खोबरेल चोळलं. चार दिवस घराला नारळाच्या वड्या केल्यासारखा वास येत होता.

ट्रे झाला तेव्हा अक्काला हुरूप आला. मनीषाला फोटो पाठवायचा म्हणून तिने जुन्या लुगड्याचा काठ उसवून फळीवर आडवा घातला, पितळेचा गडू घासून ठेवला, त्यात अबोलीचे तुरे खोचले, शेजारी पानाचा डबा. खरंच देखणं दिसत होतं. भावजी कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, ‘आता चहा काय डोक्यावर ठेवायचा काय?’

मग आली पंचाईत. ट्रे होता चांगला लांबलचक, आणि तुडीलच्या त्या घराचं स्वयंपाकघराचं दार अरुंद. मी आधीच विचारलं होतं, ‘भावजी, दारातून जाईल का?’ त्यांनी दाराकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘जाईल.’ नाही गेला. दोन्ही कड्या धरून पोटाशी आडवा घेतला की चौकटीला अडकायचा, आणि लांबीत पुढे-मागे फिरवला तर एका माणसाचा हात पुढच्या टोकाला पोचायचा नाही. मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. घाटात एसटी काढणारा माणूस स्वतःच्या चुलीसमोर अडकला, ही गोष्ट मी महाडभर सांगितली. ‘सुताराकडून वीतभर कापून घ्या,’ म्हटलं, तर म्हणाले, ‘राहू दे.’

आणि मग तो ट्रे दोघांनी न्यायचा असंच ठरून गेलं. एका टोकाला अक्का, दुसऱ्या टोकाला भावजी. ते पाठमोरे, उलटे चालत बाहेर पडायचे, नजर अक्काच्या हातांवर. गाडी मागे घेताना कंडक्टर ओरडतो तशी अक्का त्यांना सांगत यायची, ‘येऊ द्या... येऊ द्या... उंबरा हाय!’ फळीचं वजन एवढं, की हात थरथरले तरी कंप दोरीतच जिरायचा, वर कप जागचे हलायचे नाहीत. पडवीतली माणसं ही वरात बघून हसायची, अक्काही हसायची, आणि ट्रे टेकवला की तिथेच पाहुण्यांजवळ बसायची. पुन्हा सगळ्यांच्या घरच्यांची चौकशी सुरू झाली. शेजारपाजार परत रेंगाळायला लागला.

तेराव्यानंतर मनीषा जायची बांधाबांध करत होती तेव्हा तिने भिंतीला टेकवलेला ट्रे उचलून पाहिला. ‘आई, हा मी नेऊ? बाबांची आठवण. नाहीतरी तुला आता एकटीला...’ भावजी गेल्यापासून अक्का पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्हीच कागदी कपांतून चहा देत होतो आणि आतून आवाज यायचा, ‘घ्या हो चहा.’ तेवढाच.

मीच वातावरण हलकं करायला म्हटलं, ‘ने गो. इथे तो दारातून तरी कुठे जातो? भावजींचं आयुष्यात एकदाच माप चुकलं.’

‘चुकलं नाय,’ अक्का म्हणाली. ‘फळी कापायच्या आधी त्यांनी सुतळीनं दार मापलं होतं. मी इथनंच बघत होती. सुतळीला गाठ मारली आणि गाठीच्या पुढं फळी कापली.’

‘तू मला कधी बोलली नाहीस!’ मी म्हटलं.

‘काय बोलायचं? त्यांना पन नाय बोलली.’

मनीषाने ट्रे परत भिंतीला टेकवला. मला माझी महाडभर सांगितलेली गोष्ट आठवली. ‘मी देतो धरून’ असं म्हणणं त्या माणसाला जमलं नसतं, आणि तसं म्हटलेलं अक्काला चाललंही नसतं. म्हणून त्यांनी ते फळीत घातलं... मला तेव्हा जे रडू आलं ते त्यांच्या खाटेपाशीही आलं नव्हतं.

त्याच दुपारी पोलादपूरहून भावजींच्या बरोबरीचे दोघे जुने ड्रायव्हर भेटायला आले. मनीषा त्यांच्यापाशी बसली आणि मी चहा टाकून कागदी कप शोधायला लागले, तेवढ्यात मागे कपबश्यांचा आवाज आला. अक्काने ट्रे ओट्यावर आडवा घातला होता. थरथरत्या हाताने एकेक कप ती त्यावर मांडत होती. मी मदतीला गेले नाही. चहा मात्र तिने माझ्याकडून ओतून घेतला. मग तिने एका टोकाची दोरी मुठीत धरली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी दुसरं टोक धरलं. ट्रे उचलल्यावर कळलं की तो केवढा जड आहे. माझ्या बाजूची दोरी भावजींच्या हातांनी काळी आणि मऊ झाली होती. मी दाराकडे पाठ केली, नजर अक्काच्या हातांवर ठेवली आणि एक पाऊल मागे टाकलं.

‘येऊ दे,’ अक्का म्हणाली. ‘येऊ दे... येऊ दे... उंबरा हाय गो.’