घाटावर राहिलेला सदरा

२००९च्या चैत्रात आमच्या गल्लीत बातमी उठली, की मयुरेशने बापाच्या गळ्यात पट्टा बांधलाय. ती उठवण्यात माझाही हात होता, म्हणून खुलासाही मीच करतो. पट्टा नव्हता. ट्रक कुठे पोचला ते कळावं म्हणून बसवतात तसलं यंत्र होतं, काडेपेटीएवढं. मोबाइलवरून मेसेज केला की ते आपली जागा कळवायचं.

मयुरेशचे वडील, ढुंढिराजकाका, रामकुंडावरचे उपाध्ये. यजमानांचे पणजोबा-खापरपणजोबा तोंडपाठ. सून सई मात्र त्यांना रोज नवी. "आपण कुठल्या?" असं तिला अदबीने विचारायचे. घरात कोंडलं की दारावर डोकं आपटायचे, घाटापर्यंत चालून आले की शांत. म्हणून ते यंत्र. हाताला बांधलं तर तोडत, कमरेला लावलं तर फेकत. शेवटी सदऱ्याला आतून चोरखिसा शिवायची अक्कल मी दिली. सईने शिवला. महिनाभर काका सुखरूप परतले आणि मी गल्लीभर मिशीला पीळ देत हिंडलो.

वैशाखी अमावास्येला नामपूरच्या एका जुन्या यजमानाने त्यांना घाटावर ओळखलं. वडिलांचं श्राद्ध तुम्हीच सांगा म्हणाला. काकांनी सदरा काढून, घडी घालून पायरीवर ठेवला, बुडी मारली आणि ओल्या धोतराने सगळा विधी सांगितला. एक मंत्र चुकला नाही म्हणे. यजमान पाया पडून गेला. काकाही उठले आणि चालू लागले.

मयुरेश सातपूरच्या कारखान्यातून दर अर्ध्या तासाने मेसेज करत होता. उत्तर एकच, रामकुंड. बाबा घाटावरच आहेत, असं तो सईला कळवत होता आणि ती निर्धास्त होती. जेवायची वेळ टळली तेव्हा तिने मला पाठवलं. पायरीवर सदरा होता, घडी न मोडलेला.

संध्याकाळी, आंबे विकून परतणाऱ्या बुधा नावाच्या माणसाला ते त्र्यंबक रस्त्याकडेला पडलेले दिसले. उघडे, अनवाणी, तापलेल्या डांबराने तळव्यांची सालं निघालेली.

दवाखान्यात चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी आशा सोडलेलीच होती. सई उशाशी बसून तो चोरखिसा उसवत होती. गप्प बसणं मला जमत नाही. नेहमीच्या थट्टेने विचारलं, काका, सदरा टाकून कुठे निघाला होतात?

त्यांनी मला नीट न्याहाळलं. नाव आठवलं नसावं.

"सोवळ्यात सदरा घालतात का रे? एवढंही ध्यानात राहत नाही तुझ्या?"