ओटीतले चार दाणे

भूतबित, बाहेरचं वगैरे बोलणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली आहे. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... तरी लिहिते.

२००२ साल, सात वर्षांपूर्वीची गोष्ट. नवऱ्याची बँकेतली बदली, म्हणून सांगलीहून चेन्नईला आलो. वेलचेरीत फ्लॅट. मला तिसरा महिना होता. आधीची दोन्ही तिसऱ्यातच गेली होती, म्हणून या वेळी आईलासुद्धा कळवलं नव्हतं. घरात बसून जीव घाबरा व्हायचा. एका दुपारी बस पकडून एकटीच मैलापूरला गेले.

तळ्याभोवतीचे रस्ते, नाचाचे दागिने, पितळी दिवे, मातीच्या बाहुल्या, फोटो काढणारे परदेशी... मस्त भटकत होते. दोनच्या सुमारास ऊन सोसेना, म्हणून सावली बघून एका बोळात शिरले. जुन्या घराच्या दारात नऊवारीतली एक म्हातारी उभी होती.

"ये गे बाळे. पोटुशीनं उन्हांत फिरूं नये."

मराठी! तंजावरकडची असणार, म्हणून मला आनंदच झाला. पण हिला कळलं कसं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. तिनं उंबऱ्याआडूनच कुंकू लावलं. "चोरओटी भरत्यें. कुणांस सांगूं नको," म्हणत माझ्या ओढणीत तांदूळ आणि सुपारी घातली. तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात ती ही ओटी. आई जवळ असती तर तिनंच भरली असती. मला रडू आलं. नमस्कार करून निघाले.

कोपऱ्यावर आठवलं – ओटीतले चार दाणे भरणारीला परत द्यायचे असतात, ते राहिलेच! आत्ता काही चुकायला नको, म्हणून तशीच मागे फिरले.

दाराला कुलूप. गंजलेलं. कडीवर कोळ्याचं जाळं.

समोर फुलं ओवणाऱ्या बाईला मोडक्या तमिळमध्ये विचारलं, "पाटी एंगे?" आजी कुठे?

"यारुम इल्लै, अम्मा." कुणी नाही. मग खुणा करत तिनं समजावलं – मघाशी तू एकटीच या बंद दारासमोर ओढणी पसरून उभी होतीस.

पण ओढणीत तांदूळ होते, खरेखुरे. पळून जावं, तर पोटातल्याचं काय? गाठ सोडली आणि चार दाणे दाराखालच्या फटीतून आत सरकवले.

आतून, अगदी दाराला लागून आवाज आला –

"पावले गे. हें राहील."

स्टॉपपर्यंत कशी पोचले, आठवत नाही.

नवरा म्हणतो, ऊन लागलं असेल तुला. ओटीचे तांदूळ टाकत नाहीत म्हणून मी भीतभीत खीर केली, तेव्हा त्याच पठ्ठ्यानं दोन वाट्या खाल्ल्या होत्या! मुलगी आता पहिलीत आहे, ठणठणीत.

तिला मात्र मैलापूरला कधीच नेलं नाही. त्या दारातून तिलाही "ये गे बाळे" अशी हाक आली, तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?