सोंगाची परीक्षा

शिरपूरकडचा नथू ८३ साली सिल्वासाजवळ मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात लागला आणि चार वर्षांत त्याच्या छातीचं पार वाटोळं झालं. डॉक्टर म्हणाला, मोकळ्या हवेतलं काम बघ. बोलायला काय जातं! मोकळ्या हवेतलं काम काय झाडाला लागतं? टोकरखाड्याच्या खोलीत बायको दुर्गा त्याचं खोकणं ऐकायची आणि पाणी तापवायला ठेवायची.

त्याच सुमारास सिल्वासातल्या काही हौशी साहेबलोकांनी एक पदभ्रमण मंडळ काढलं. मुंबई-सुरतेची माणसं आणायची आणि किलवणीच्या शिवारातून पायी फिरवायची. डोंगर नाही, किल्ला नाही. भाताची खाचरं, ताडाची झाडं, वारल्यांचे पाडे, नदीचा काठ. अशा सपाट मुलखात माणूस चुकतो कसला, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. ऑक्टोबरात भात कमरेला लागला की सगळे बांध सारखेच दिसतात, आणि शहरातला माणूस अर्ध्या तासात रडकुंडीला येतो. म्हणून मंडळाला परीक्षा पास झालेला वाटाड्या हवा होता. पास होणाऱ्याला पितळी बिल्ला आणि बारा महिन्यांची नोकरी. नथूचा जीव त्या बिल्ल्यात अडकला.

परीक्षा घ्यायचे जयवंत सर. रत्नागिरीकडचे, शाळेत भूगोल शिकवायचे. माणूस शिस्तीचा, म्हणजे दुसऱ्याच्या शिस्तीचा. उमेदवाराने आठ जणांना शिवारातून फिरवून आणायचं, दर बांधाला माणसं मोजायची, कुणालाही एकटं सोडायचं नाही. मध्येच एक जण आजारी पडल्याचं सोंग करायचा. ते सोंग मंडळाच्या गोदामाचा राखणदार झिपरू करायचा. किलवणीचाच वारली, हाडाचा नकल्या. सरांची जीप ताडांच्या आड उभी असायची, पण ती नाहीच असं समजायचं, हा परीक्षेचा नियम. उमेदवाराने दोघांना सडकेवर पाठवून बैलगाडी मागवायची आणि ती येईपर्यंत गट सांभाळून बसायचं.

८७ साली नथू पहिल्यांदा बसला. झिपरूने तोंडात साबणाचा तुकडा धरला, फेस काढला आणि बांधावर आडवा झाला. नथूने मागचापुढचा विचार केला नाही. त्याला खांद्यावर टाकला आणि खोकत खोकत सडकेपर्यंत पळत सुटला. बाकीची माणसं शिवारात तोंडं उघडी टाकून उभी! खांद्यावरच्या झिपरूला हसू आवरेना. नथूची नुसती शोभा झाली.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "नथू, दया हा वाटाड्याचा गुण नव्हे. पुढच्या वेळी ती घरी ठेवून ये. आणि पुढची वेळ एकच आहे."

वर्षभर कारखान्यात त्याला पोरंसोरंसुद्धा हमाल म्हणून हाक मारायची. झिपरू मात्र ताडीचं मडकं घेऊन टोकरखाड्याला आला. चुकलं माझं म्हणाला, आणि मग दर रविवारी नथूला घेऊन शिवारभर हिंडला. कुठली वाट कुठल्या पाड्याला निघते, कुठल्या खाचरात पाऊल रुततं, सगळं त्याने शिकवलं. नथूला इथे दुसरा मित्र नव्हता.

८८ चा ऑक्टोबर. ऊन असं की डोकं तडकावं. नथूने आठ माणसं सुरेख चालवली. सर मागून वहीत लिहीत होते आणि चक्क मान डोलावत होते. त्या दिवशी झिपरूने पाय मुरगळल्याचं सोंग करायचं ठरलं होतं. सहाव्या बांधावर तो ओरडून खाली बसला आणि म्हणाला, साप चावला.

सर वैतागले. झिपरूला ठरल्यापेक्षा जास्त करायची खोड होतीच. "मुरगळलाय, झिपरू. मुरगळल्याचं ठरलंय," ते म्हणाले. सगळे खो खो हसले.

नथूने दोघांना सडकेवर पिटाळलं, बाकीच्यांना सावलीत बसवलं आणि झिपरूचा पाय मांडीवर घेतला. चिखल पुसला. घोट्याच्या वर दोन ठिपके होते. त्याने वर पाहिलं, तर झिपरूच्या पापण्या उतरायला लागल्या होत्या. शिरपूरला कपाशीत त्याची आत्या नाग चावून गेली, तेव्हा तिच्या पापण्या अश्शाच उतरल्या होत्या. जगातला कसलाही नकल्या हे सोंग करू शकत नाही. नथूला कळलं, तिथल्या तिथे कळलं.

जीप हाकेच्या अंतरावर होती. एक हाक मारली असती तर पाच मिनिटांत आली असती. पण परीक्षेत जीप नव्हती. हाक मारली की नापास, आणि ही शेवटची वेळ. पुन्हा ती सुताची धूळ, मरेपर्यंत. गाडी येईलच की अर्ध्या तासात, त्याने मनाशी म्हटलं. अर्ध्या तासात काय होतंय! माणूस स्वतःला किती स्वस्तात फसवतो बघा.

"नथू, तू उचल मला," झिपरू हळू म्हणाला. जीभ जड झाली होती. "गेल्या साली उचललं होतंस तसं."

नथूने फडकं करकचून आवळलं. "मुरगळलाय फक्त," तो सरांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पाय हलवू नको."

झिपरू त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मागणं सोडून दिलं. गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर झिपरूच्या तोंडातून लाळ गळत होती आणि बसलेली मंडळी त्याच्या नकलेला टाळ्या देत होती. सरांनी वही मिटली आणि म्हणाले, पुरे झालं, झिपरू, ऊठ. झिपरू उठला नाही. मग जीप आली. नाक्यावरच्या गोदामाशी थांबवून त्याची बायको चिमाबाई हिला बरोबर घेतलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला.

मंडळाने चौकशी केली. सर म्हणाले, कुणालाच ओळखू आलं नाही, नथूने तर पुस्तकात आहे तसं सगळं केलं. आणि मार्क ते मार्क! आठव्या दिवशी बिल्ला मिळाला. दुर्गाने तो घासूनपुसून शर्टाला लावून दिला.

बाराव्याला नथू किलवणीला गेला तो बिल्ला काढून. त्याला वाटलं होतं, चिमाबाई शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरंच झालं असतं. तिने त्याला पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "जीपमधे एकच बोलला तो. नथूला ठाऊक आहे म्हणाला. मग वाचा गेली. काय रे ठाऊक होतं तुला?"

नथूला खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत चिमाबाई थांबली.

"वाट," नथू म्हणाला. "दवाखान्याची जवळची वाट मला ठाऊक होती."

चिमाबाईने मान हलवली. तिला ते पटलं. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "बरं झालं बाबा, तू होतास त्याच्यापाशी. त्या सगळ्यांत आपलं असं तूच होतास."