रोमानियाला गेलेलं लेथ

आज मुलाच्या जाकिटाला कूलंटचा, म्हणजे लेथवर सोडतात त्या तेलकट पाण्याचा, वास आला आणि जर्मनीत मुलाकडे राहायला आलो तेव्हाचा न्युरेम्बर्गमधला आमचा पहिला हिवाळा आठवला. तेव्हा बायको होती. खालच्या मजल्यावर एक जर्मन लेथवाला राहायचा. मीही जन्मभर लेथच चालवलं, म्हणून खाणाखुणांवर आमचं छान जमायचं. एका संध्याकाळी तो दारात आला आणि त्यानं फोन पुढे धरला. फोन मराठीत बोलला, "माझे यंत्र रोमानियाला जात आहे. माझी नोकरीही जाईल. निवृत्तीला दोन वर्षे आहेत. कृपया मुलाला सांगा." दोघं एकाच कारखान्यात, आणि तिथली मशीन हलवायचं काम माझ्याच मुलाकडे होतं. बायको म्हणाली, "अहो, बोला की पोराशी." बोललो. मुलगा म्हणाला, "बाबा, तिथलं सरकार जागा देतंय, टॅक्स माफ करतंय, पगारही कमी. हे वर ठरलंय. मी नाही हलवलं तर दुसरा हलवेल." माझी चौथी झालेली, पण पोराच्या हातात काही नाही एवढं कळलं. खाली गेलो आणि त्या माणसापुढे नुसती नकाराची मान हलवली. त्यानं दार हळूच लावून घेतलं. बायको मात्र पुढे दवाखान्यात पडल्या पडल्याही विचारायची, "तुम्ही पोराशी नीट बोलला होता ना?" नीटच बोललो होतो गं.